वर्डप्रेसची सेटिंग्ज परत परत मूळ पदावर येतात? डब्ल्यूपी-कन्टेन्टमधली इन्स्टॉल फाइल तपासा

सकाळी साडेसातला फोन. "अहो, आमच्या वाचनालयाचं नाव परत गेलं. वर नुसतंच 'नवी साइट' येतंय. आणि वाचकांना अभिप्रायही लिहिता येत नाहीयेत."

परत, म्हणजे तिसऱ्यांदा. पहिल्या वेळी मी गृहीत धरलं की ग्रंथपाल मॅडमच्या हातून काहीतरी दाबलं गेलं असेल. दुसऱ्या वेळी सगळ्यांचे पासवर्ड बदलले, कॅशचं प्लगइन (वर्डप्रेसला वरून जोडायचा तुकडा) काढून टाकलं, होस्टवाल्याला बॅकअपबद्दल छेडलं. तिसऱ्या वेळी मात्र एक गोष्ट नजरेत भरली. तिन्ही वेळा आदल्या रात्री एखादं प्लगइन आपोआप अपडेट झालं होतं. तिन्ही वेळा वेगळं: एकदा फॉर्मचं, एकदा वाचकसंख्या मोजणारं, एकदा फोटो-गॅलरीचं. त्यांच्यात समान धागा एकच. तिघंही डेटाबेसमध्ये स्वतःची टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, ठेवतात.

चोर माझ्याच घरात होता. साइट उभी करताना मीच एक फाइल लिहून ठेवली होती आणि नंतर साफ विसरलो होतो.

(पुढे फाइलींची आणि फंक्शनची, म्हणजे कोडमधल्या नाव दिलेल्या तुकड्यांची, नावं फोनवर सांगतो तशी मराठीतच लिहितोय. फोल्डर उघडलंत की कुठली फाइल म्हणतोय ते लगेच कळेल.)

मी लहानसहान संस्थांच्या साइटी करून देतो. वाचनालयं, भजनी मंडळं, कोकणातली घरगुती राहण्याजेवण्याची ठिकाणं. प्रत्येक वेळी वर्डप्रेस, म्हणजे साइट चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलं की पुढचा अर्धा तास तीच झाडलोट: नमुना पोस्ट उडवा, नमुना पान उडवा, त्या पोस्टखालची नमुना कमेंट उडवा, 'अनकॅटेगराइज्ड' या पहिल्या श्रेणीचं नाव बदला, घड्याळ कोलकात्यावर (म्हणजे भारतीय वेळेवर) आणा, लिंकांचा साचा (पानांचे पत्ते कसे दिसावेत ते) बदला. घड्याळ राहिलं तर सकाळी सहाला लावून ठेवलेली पोस्ट साडेअकराला उगवते, कारण आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहोत. एका मंडळाची काकडआरतीची सूचना अशीच जेवणाच्या वेळेला पोचली होती.

या झाडलोटीला कंटाळून शोधलं तेव्हा कळलं की वर्डप्रेसमध्ये याची सोय आहे. तिचा गाजावाजा मात्र कुठेच नाही. डब्ल्यूपी-कन्टेन्ट या फोल्डरात 'इन्स्टॉल डॉट पीएचपी' नावाची फाइल ठेवली, तर वर्डप्रेस स्वतःची इन्स्टॉलची कामं सुरू करण्याआधी ती वाचतं. याच नावाची दुसरी फाइल डब्ल्यूपी-ॲडमिनमध्ये असते. ती वर्डप्रेसची स्वतःची, तिला हात लावायचा नाही. तिच्यात केलेला बदल पुढच्या अपडेटला पुसला जातो. हा गोंधळ इतका सहज होतो की तुमची फाइल 'चालतच नाही' असं वाटलं तर आधी ती कुठल्या फोल्डरात आहे हे बघा. इन्स्टॉल आटोपल्यावर प्लगइनच्या यादीत 'ड्रॉप-इन' असा वेगळा टॅब दिसला आणि त्यात ही फाइल असली, तर जागा बरोबर आहे.

मी काय केलं, तर त्या फाइलीत सरळ एकाखाली एक ओळी लिहिल्या. साइटचं नाव हे, उपशीर्षक हे, कमेंट बंद, घड्याळ हे. साइट उभी केली, आणि काहीच लागू झालं नाही. चूकही दिसली नाही. वैतागून सगळं हातानं भरलं आणि फाइल तिथेच राहिली.

लागू का झालं नाही? कारण वर्डप्रेस ही फाइल अगदी सुरुवातीला वाचतं, तेव्हा टेबलं तयारच झालेली नसतात. लिहायला वहीच नाही, तर नोंद कुठे होणार?

आता मुख्य भानगड. ही फाइल इन्स्टॉलचं पान स्वतः बोलावत नाही. तिला बोलावते डब्ल्यूपी-ॲडमिनच्या इन्क्लूड्स फोल्डरातली 'अपग्रेड डॉट पीएचपी'. आणि जे प्लगइन स्वतःची टेबलं बनवतं किंवा बदलतं, ते बहुतेक वेळा याच अपग्रेड फाइलीतलं 'डीबी-डेल्टा' फंक्शन वापरतं. म्हणजे प्लगइननं अपडेटनंतर टेबल नीट करायला अपग्रेड फाइल उघडली, की तिच्या पाठोपाठ माझी फाइलही उघडते. या वेळी टेबलं असतात. मग माझ्या उघड्या ओळी इमानदारीनं चालतात आणि वाचनालयाचं नाव पुसून 'नवी साइट' लिहितात. इन्स्टॉलच्या दिवशी न झालेलं काम ती फाइल दोन महिन्यांनी, मग परत आणि मग परत करत होती.

इलाज एका वाक्याचा: या फाइलीत फक्त फंक्शनच्या व्याख्या ठेवायच्या, फंक्शनच्या बाहेर चालणारी एकही ओळ ठेवायची नाही.

कुठलं फंक्शन? 'डब्ल्यूपी अंडरस्कोर इन्स्टॉल अंडरस्कोर डीफॉल्ट्स'. नमुना पोस्ट, नमुना पान, पहिली श्रेणी हे सगळं घालण्याचं काम मूळ वर्डप्रेसमध्ये याच नावाचं फंक्शन करतं. पण ते लिहिण्याआधी 'या नावाचं फंक्शन आधीच आहे का' असं वर्डप्रेस विचारतं. तुमच्या फाइलीत ते असलं तर तुमचं चालतं, मूळचं बाजूला राहतं. शिवाय ते हाक मारल्यावरच चालतं, आणि हाक टेबलं तयार झाल्यावर, फक्त इन्स्टॉलच्या वेळी येते. प्लगइननं फाइल हजारदा उघडली तरी व्याख्या नुसती पडून राहते.

इथवर आल्यावर उत्साहात पुढची चूक होते, ती मी केली. कोऱ्या पानावर स्वतःचं फंक्शन लिहिलं: चार सेटिंग्ज, दोन पानं, बस्स. पहिली श्रेणी बनवलीच नाही. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये मुलभूत श्रेणीचा क्रमांक १ असा आधीच नोंदलेला असतो, आणि ती १ क्रमांकाची श्रेणी बनवणारे आपणच असतो. ती नसली की श्रेणी न निवडता टाकलेल्या पोस्टा अस्तित्वातच नसलेल्या श्रेणीच्या भरवशावर राहतात. म्हणून कोऱ्या पानावर लिहू नका. अपग्रेड फाइलीतलं मूळ फंक्शन जसंच्या तसं उतरवून घ्या आणि नको ते कापत जा. श्रेणीचा तुकडा ठेवा, फक्त नाव बदला. मी 'सर्वसाधारण' ठेवतो. मे २०१८मध्ये आलेल्या ४.९.६ या आवृत्तीपासून गोपनीयता धोरणाचं एक कच्चं पानही याच फंक्शनमधून तयार होतं. साइटवर फॉर्म असेल तर ते राहू द्या, उपयोगी आहे.

आणि नमुना पोस्ट? ती कापायला हात शिवशिवतात. पण तिच्याकडे एक छुपं काम आहे, जे माझ्या तरी ध्यानीमनी नव्हतं. ४.२ या आवृत्तीपासून वर्डप्रेस इन्स्टॉलच्या शेवटी सुबक लिंका चालू करायचा प्रयत्न करतं. त्यासाठी तारीख आणि नाव असलेला साचा लावून तीच पहिली पोस्ट स्वतः उघडून बघतं. उघडली तर साचा राहतो, नाही तर सगळं मागे घेऊन प्रश्नचिन्ह आणि क्रमांकवाल्या साध्या लिंकांवर येतं. तुम्ही ती पोस्टच उडवलीत तर उघडून बघायला काही उरत नाही, चाचणी नापास होते आणि साइट साध्या लिंकांवर बसते. 'नमुना पोस्ट काढली आणि लिंका बिघडल्या' हे ऐकायला अंधश्रद्धेसारखं वाटतं, पण कारण असं सरळ आहे.

यावर उतारा असा, की लिंकांचा साचा आपल्या फंक्शनमध्येच ठरवून टाकायचा. साचा आधीच भरलेला दिसला तर वर्डप्रेस चाचणीच्या फंदात पडत नाही. चाचणी झाली नाही म्हणजे सर्व्हरवर त्या लिंका खरंच चालतात का, हे तपासणं आपल्याकडे आलं. इन्स्टॉलनंतर सेटिंग्जमधल्या पर्मालिंकच्या पानावर जाऊन एकदा 'जतन करा' दाबा आणि एखादं पान उघडून बघा. नाही उघडलं तर बहुतेक वेळा सर्व्हरवरची ठिपक्यानं सुरू होणारी एचटी-ॲक्सेस फाइल लिहिता आलेली नसते.

साचा कुठला, हा मराठी साइटींसाठी चैनीचा प्रश्न नाही. शीर्षकावरून लिंक बनवायचा साचा ठेवला की वर्डप्रेस मराठी शीर्षक टक्क्यांच्या चिन्हांत बदलतं. देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइट टक्क्यासह तीन खुणांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. चिन्ह म्हणतोय, अक्षर नव्हे. 'त्या' यात चार चिन्हं आहेत: त, हलन्त, य आणि काना. लिंकच्या नावाला वर्डप्रेस जागा देतं २००. भागाकार केलात तर साधारण बावीस चिन्हं पदरात पडतात.

उदाहरण घ्या: 'मुंबईतल्या पावसाळ्यातल्या रानभाज्या'. पहिल्या शब्दाची दहा चिन्हं, म्हणजे ९० जागा. मधली जोडरेघ एक. उरल्या १०९, त्यात पुढच्या शब्दाची बाराच चिन्हं मावतात. लिंक थांबते 'मुंबईतल्या-पावसाळ्यातल्' इथे, हलन्तावर लटकत. रानभाज्या गेल्याच. पुढच्या आठवड्यात 'मुंबईतल्या पावसाळ्यातल्या सहली' लिहिलंत तर तिचीही लिंक नेमकी तेवढीच होणार, म्हणून वर्डप्रेस तिच्या शेवटी दोनचा आकडा चिकटवणार. हे व्हॉट्सॲपवर पाठवलं की टक्क्यांची लांबलचक माळ दिसते ती वेगळीच, आणि काका-मंडळींना तो व्हायरस वाटतो.

माझं मत: लिहिणारे बरेच असतील आणि सगळे मराठीत शीर्षकं देणार असतील, तर लिंकमध्ये पोस्टचा क्रमांक ठेवा. दिसायला रुक्ष, पण कधी तुटत नाही. एकच माणूस लिहिणार असेल आणि तो दरवेळी रोमन लिपीत छोटं नाव हातानं द्यायला तयार असेल, तर शीर्षकाचा साचा चांगला. हे पहिल्या दिवशी ठरलं पाहिजे. दोनशे पोस्टा झाल्यावर साचा बदलला की लोकांनी जपून ठेवलेल्या जुन्या लिंकांची सोय लावत बसावं लागतं.

खरी गोम इथे आहे. वर्डप्रेसचं इन्स्टॉलचं पान पाच गोष्टी विचारतं: साइटचं नाव, वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, ईमेल, आणि शोधयंत्रांना दूर ठेवायचं का. यातल्या चार कधीही बदलता येतात. वापरकर्त्याचं नाव तेवढं नंतर पडद्यावरून बदलता येत नाही. आणि ज्या गोष्टी नंतर बदलणं जिवावर येतं, म्हणजे लिंकांचा साचा, त्या तिथे विचारल्याच जात नाहीत. 'पर्याय नकोत, निर्णय घ्या' हे वर्डप्रेसवाल्यांचं जाहीर तत्त्वज्ञान आहे आणि एरवी मला ते पटतं. पण निर्णय इंग्रजी ब्लॉग डोळ्यांपुढे ठेवून घेतलेले असतात, ही अडचण. ड्रुपल हे साइट बनवायचं दुसरं सॉफ्टवेअर याबाबतीत मोकळं आहे. 'स्टँडर्ड' हवं की 'मिनिमल', हे ते इन्स्टॉल करतानाच विचारतं.

तशी निवड वर्डप्रेसमध्ये आपण आणू शकतो, आणि तीही समोरच्याला पीएचपी न दाखवता. डब्ल्यूपी-कॉन्फिग ही फाइल सगळ्यांच्या आधी वाचली जाते. मी तिच्यात स्वतःचे तीन-चार स्थिरांक (नाव दिलेली ठरावीक मूल्यं) ठेवतो: साइटचा प्रकार (वाचनालय, मंडळ की निवास), कमेंट हव्यात का, लिंक क्रमांकाची की नावाची. इन्स्टॉलचं फंक्शन ते वाचून त्याप्रमाणे पानं बनवतं. निवासाला 'खोल्या आणि दर', 'कसे याल'. वाचनालयाला 'वेळा', 'वर्गणी', 'नवी पुस्तकं'. स्थिरांकांच्या नावांआधी स्वतःची काही अक्षरं लावा, नाहीतर एखाद्या प्लगइनच्या नावाशी टक्कर होईल. आणि स्थिरांक नसलाच तर काय करायचं तेही फंक्शनमध्ये लिहून ठेवा, म्हणजे कोणी ओळ चुकून पुसली तरी इन्स्टॉल अडत नाही. कुठली थीम लावायची हेही कॉन्फिगमधूनच सांगता येतं. त्यासाठी वर्डप्रेसचा स्वतःचा 'डीफॉल्ट थीम'चा स्थिरांक आहे, थीम फक्त आधीच फोल्डरात असायला हवी. मोठ्या अपडेटबरोबर नव्या वर्षाची थीम न मागता येऊन बसते, ती थांबवायचा स्थिरांकही आहे: 'कोअर अपग्रेड स्किप न्यू बंडल्ड'.

मी आधी फोनवर तीन प्रश्न विचारतो, उत्तरं कॉन्फिगमध्ये भरतो, मगच ब्राउझर उघडतो. तीनच. एकदा चौदा प्रश्नांचा फॉर्म पाठवला होता. उत्तर आलं, "तुम्हीच बघा ना काय ते."

आता काही फुटकळ पण नेहमी छळणारी दुखणी.

भाषा निवडायचा पडदाच येत नाही: २०१४च्या ४.० आवृत्तीपासून इन्स्टॉलच्या सुरुवातीला भाषांची यादी येते, तिच्यात मराठी आहे. यादी न येता थेट इंग्रजी पान आलं तर वर्डप्रेस बिघडलेलं नसतं. भाषेची फाइल उतरवून फोल्डरात लिहायची परवानगी त्याला नसते, किंवा सर्व्हरला बाहेरच्या वर्डप्रेसच्या यंत्रणेशी बोलता येत नसतं. दोन्ही वेळा तो पडदा कसलीही सूचना न देता गाळला जातो. कॉन्फिगमध्ये कोणी फाइल-बदलांवर बंदी घातली असेल तरी हेच.

टेबलांच्या नावांचा उपसर्ग: मूळचा 'डब्ल्यूपी अंडरस्कोर' बदलल्यानं साइट अभेद्य होते असं सांगणारे खूप भेटतील. मला ते फारसं पटत नाही. पण एकाच डेटाबेसात दोन साइटी नांदवायच्या असतील तर बदलावाच लागतो. तो इन्स्टॉलच्या आधीच बदला. नंतर टेबलांची नावं बदललीत आणि प्रवेश केल्यावर 'या पानावर जायची परवानगी नाही' असं आलं, तर समजा की पर्यायांच्या टेबलात भूमिकांच्या नोंदीवर आणि वापरकर्त्यांच्या मेटा टेबलात अधिकारांच्या नोंदींवर जुनाच उपसर्ग चिकटलेला आहे.

मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं: डेटाबेसचा अक्षरसंच चुकीचा होता आणि मजकूर साठवतानाच गेला. तो परत येत नाही, मूळ प्रत शोधा. प्रश्नचिन्हांऐवजी टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसत असतील तर मात्र मजकूर बहुधा शाबूत आहे, फक्त वाचला चुकीचा जातोय. कॉन्फिगमध्ये 'यूटीएफ-८ एमबी-४' असू द्या. मराठी साध्या यूटीएफ-८मध्येही मावते, इमोजीला मात्र चौथा बाइट लागतो, आणि हल्ली 'कळवण्यास आनंद होतो की'च्या पुढे इमोजी येतोच.

एका क्लिकचा इन्स्टॉलर: होस्टच्या पॅनेलमधलं ते मोठं बटण. ते फोल्डर बनवणं आणि साइट उभी करणं एका दमात उरकतं, त्यामुळे आपली फाइल आत ठेवायला मध्ये फटच राहत नाही. मी ज्या होस्टवर होतो तिथे तर सोबत तीन प्लगइनं न विचारता यायची. नीट बघितल्यावर कळलं की विचारलं जात होतं, पण खालच्या बाजूला, आधीच खूण केलेल्या चौकोनांत. तेव्हापासून डेटाबेस पॅनेलमधून हातानं बनवतो, वर्डप्रेसची झिप स्वतः चढवतो, फाइल डब्ल्यूपी-कन्टेन्टमध्ये ठेवतो आणि मग पत्ता उघडतो. पाच मिनिटं जास्त जातात, पण नंतरचा अर्धा तास वाचतो.

सर्व्हरवर आदेश देता येत असतील तर डब्ल्यूपी-सीएलआय हे आदेशांनी वर्डप्रेस हाताळायचं साधन वापरा, सगळं आणखी सोपं होतं. मराठी आवृत्ती उतरवणं, नमुना थीम-प्लगइन वगळून उतरवणं, इन्स्टॉल करणं, सगळं एका छोट्या स्क्रिप्टमध्ये बसतं. त्याचा इन्स्टॉलचा आदेशही तीच अपग्रेड फाइल वापरतो, त्यामुळे आपलं फंक्शन तिथेही चालतं. मल्टिसाइट (एकाच वर्डप्रेसवर अनेक साइटी) असेल तर आणखी फायदा: प्रत्येक नवी उपसाइट बनताना त्याच फंक्शनला हाक जाते. शाखा बऱ्याच असलेल्या संस्थेला हे फार सोयीचं. मल्टिसाइट नसेल तर काम झाल्यावर मी ती फाइल काढून माझ्याकडे ठेवतो. आत फक्त व्याख्या असल्या तर तिथे राहून ती काही बिघडवत नाही, पण वाचनालयाच्या त्या तीन सकाळींनंतर मन मानत नाही.

फाइलीत बदल करून पुन्हा चाचणी घ्यायची तर नुसतं पान ताजं करून चालत नाही, 'आधीच इन्स्टॉल झालेलं आहे' एवढंच उत्तर येतं. फाइली तशाच ठेवून डेटाबेसमधली टेबलं उडवावी लागतात, तेव्हा वर्डप्रेस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. हे फक्त चाचणीच्या साइटवर करा. टेबलं उडवण्याआधी कॉन्फिगमधलं डेटाबेसचं नाव एकदा मोठ्यानं वाचा. मी वाचतो. का, ते विचारू नका.